फेलओव्हर झाला, मग नेट का आलं नाही?

नेटवर्कच्या दारावर पहारा देणाऱ्या दोन फायरवॉलपैकी एक बंद पडते आणि दुसरी कारभार हाती घेते, हाच फेलओव्हर. लॉगमध्ये 'स्टँडबायची ॲक्टिव्ह झाली' अशी स्वच्छ नोंद असते, डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतं. तरीही नेट बंदच. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी फायरवॉलकडेच जातो. कॉन्फिगरेशन चाळायचं, फर्मवेअर बघायचं, काहीच सुचलं नाही तर रीस्टार्ट मारायचा. माझ्या मते पहिला प्रश्न फायरवॉलला विचारूच नये, तो घड्याळाला विचारावा. ट्रॅफिक नेमकं किती वेळ बंद होतं?

तीन-चार सेकंद, अर्धा मिनिट, पाच मिनिटं, चार तास. यातल्या प्रत्येक उत्तरामागे वेगळा गुन्हेगार असतो. आणि बऱ्याचदा तो फायरवॉलच्या आत नसतोच. तो शेजारच्या राउटरमध्ये नाहीतर स्विचमध्ये बसलेला असतो, कारण त्याला बदल झाल्याचं कोणी सांगितलेलंच नसतं.

पत्ता हलतो म्हणजे काय होतं

आयपी पत्ता या मशीनमधून उचलला आणि त्या मशीनमध्ये ठेवला, इतकं हे सरळ नसतं. लोकल नेटवर्कवर पॅकेट पोचतं ते मॅक पत्त्याच्या, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या हार्डवेअर पत्त्याच्या आधाराने. राउटरला २०३.०.११३.१० कडे काही पाठवायचं असेल तर तो आधी सगळ्यांना विचारतो, हा आयपी कोणाकडे आहे? या विचारपुशीला एआरपी म्हणतात. उत्तरात आलेला मॅक पत्ता तो आपल्या एआरपी टेबलमध्ये लिहून ठेवतो आणि पुढे बराच वेळ पुन्हा विचारायच्या भानगडीत पडत नाही. १९८२ च्या आरएफसी ८२६ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजामध्ये ही पद्धत मांडली गेली आणि आयपीच्या चौथ्या आवृत्तीचं इथरनेट नेटवर्क आजही त्यावरच चालतं.

मधल्या स्विचला आयपीशी देणंघेणं नसतं. त्याचं टेबल वेगळं असतं: कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर आहे. येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवरचा, म्हणजे पॅकेटच्या बाहेरच्या पाकिटावरचा, प्रेषक मॅक बघून तो हे टेबल भरत जातो.

तेव्हा फेलओव्हर यशस्वी व्हायचा तर ही दोन्ही टेबलं बरोबर असायला हवीत. राउटरचं टेबल बरोबर आणि स्विचचं जुनं, तरी ट्रॅफिक बंद. स्विचचं बरोबर आणि राउटरचं जुनं, तरीही बंद. यातलं कोणतं टेबल बदलायला हवं होतं हे तुमच्या फायरवॉलची जोडी कोणत्या पद्धतीने चालते त्यावर ठरतं, आणि तपासाला बसण्याआधी एवढं तरी माहीत असलंच पाहिजे.

पहिल्या पद्धतीत आयपीबरोबर एक आभासी मॅक पत्ताही हलतो. व्हीआरआरपी या, जोडीतलं कोण ॲक्टिव्ह हे ठरवणाऱ्या प्रमाणित प्रोटोकॉलमध्ये हा मॅक ००-००-५ई-००-०१ असा सुरू होतो आणि शेवटचा भाग ग्रुपच्या क्रमांकाचा असतो. ॲक्टिव्ह कोणीही असो, राउटरच्या टेबलमधला मॅक तोच राहतो. फक्त स्विचला कळावं लागतं की हा मॅक आता दुसऱ्या पोर्टवर आलाय.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक फायरवॉल स्वतःचा खरा, हार्डवेअरचा मॅकच वापरते. आयपी दुसरीकडे गेला की त्याच्यामागचा मॅकही बदलतो, म्हणून आजूबाजूच्या प्रत्येक राउटरने आणि सर्व्हरने आपलं एआरपी टेबल बदलायला हवं. लिनक्सवर व्हीआरआरपी चालवणारं कीपअलाइव्हडी हे सॉफ्टवेअर वेगळं काही सांगितलं नाही तर असंच चालतं.

दोन्ही पद्धतींत नवी ॲक्टिव्ह फायरवॉल एक दवंडी पिटते: २०३.०.११३.१० आता माझ्याकडे आहे. कोणी विचारलेलं नसताना पाठवलेल्या या संदेशाला ग्रॅच्युइटस एआरपी म्हणतात. ही फ्रेम सगळ्यांना जाते. राउटर आतला मजकूर वाचून आपलं टेबल बदलतो आणि स्विच फ्रेम कोणत्या पोर्टवरून आली ते बघून त्याचं. एकाच फ्रेममध्ये दोन्ही कामं उरकतात. पण दवंडीची पोच कोणी देत नाही. ती वाटेत हरवली, तर पाठवणाऱ्या फायरवॉलला त्याचा पत्ताही लागत नाही. तिच्या दृष्टीने फेलओव्हर पूर्ण झालेला असतो, म्हणूनच डॅशबोर्ड हिरवा.

घड्याळ काय सांगतं

व्हीआरआरपीमध्ये मास्टर, म्हणजे ॲक्टिव्ह फायरवॉल, दर सेकंदाला 'मी जिवंत आहे' असा संदेश २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पोचणाऱ्या) पत्त्यावर पाठवतो. बॅकअप, म्हणजे स्टँडबाय, असे तीन संदेश चुकेपर्यंत थांबतो, शिवाय थोडा जास्तीचा वेळ धरतो. हा जास्तीचा वेळ म्हणजे २५६ मधून त्याची प्रायॉरिटी (मास्टर होण्याच्या लायकीचा नेमून दिलेला आकडा) वजा करून २५६ ने भागायचं, तितके सेकंद. प्रायॉरिटी नेहमीची १०० असेल तर सुमारे ०.६१ सेकंद. एकूण झाले साधारण ३.६ सेकंद. प्रायॉरिटी जास्त तितका हा वेळ कमी, म्हणून दोन-तीन बॅकअप असले तर सर्वांत लायक असलेला आधी उठतो. तेव्हा केबल उपटल्यावर तीन-चार सेकंद पिंग गेले आणि परत आले, तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. प्रोटोकॉलने सांगितलं तेवढंच त्याने केलं.

तीस सेकंदांच्या आसपासचा अडथळा दिसला की मी फायरवॉल बाजूला ठेवून स्विचचा स्पॅनिंग ट्री बघतो, म्हणजे फ्रेम स्विचांमध्ये गोलगोल फिरू नयेत म्हणून असलेली व्यवस्था. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये नव्याने जिवंत झालेला पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो, त्यानंतरच ट्रॅफिक सोडतो. फायरवॉल ज्या पोर्टवर आहे तो एज पोर्ट, म्हणजे पलीकडे दुसरा स्विच नसलेला पोर्ट, म्हणून नोंदवला की हा वेळ वाचतो. सिस्कोच्या भाषेत हाच पोर्टफास्ट.

पाच मिनिटं म्हणजे बहुधा स्विचचं मॅक टेबल. न वापरलेली नोंद ३०० सेकंदांनी काढून टाकायची, ही बऱ्याच स्विचांची मूळ सेटिंग असते. जुनी फायरवॉल अडकली, पण तिची लिंक चालूच राहिली की हे हमखास होतं. लिंक तुटली असती तर स्विचने त्या पोर्टवरच्या नोंदी लगेच पुसल्या असत्या. लिंक चालू असल्याने स्विच विश्वासाने त्याच मेलेल्या पोर्टवर पॅकेटं ढकलत राहतो.

आणि 'सकाळी बंद पडलं, दुपारी आपोआप सुरू झालं, काहीच केलं नव्हतं' अशी तक्रार असेल तर ती जवळपास नक्की राउटरच्या एआरपी टेबलची. सिस्कोच्या राउटरवर एआरपीची नोंद मूळ सेटिंगनुसार चार तास टिकते. याउलट लिनक्सचे सर्व्हर आपली नोंद पाव ते पाऊण मिनिटात संशयित ठरवून पुन्हा खातरजमा करतात, त्यामुळे ते साधारण मिनिटाभरात स्वतःच सावरतात. म्हणून एकाच फेलओव्हरनंतर आतले सर्व्हर ठणठणीत आणि बाहेरचा राउटर आंधळा, असं विचित्र चित्र दिसतं. ते विचित्र वाटतं, पण त्यातूनच कळतं की फायरवॉलचा नियम किंवा राउटिंग बिघडलेलं नाही.

एक पत्ता चालतो, बाकीचे मेलेले

आता सर्वांत जास्त छळणारा प्रकार. फेलओव्हरनंतर आतून बाहेर ब्राउझिंग व्यवस्थित चालू. फायरवॉलचा बाहेरचा आयपी पिंगला उत्तर देतोय. पण बाहेरून मेल सर्व्हर मिळत नाही, वेबसाइट उघडत नाही. सगळे नियम जागच्या जागी, नॅट (बाहेरचे पत्ते आतल्या सर्व्हरच्या पत्त्यांशी जोडून देण्याची सोय) जागच्या जागी.

समजा, सेवा देणाऱ्या कंपनीने तुम्हाला पत्त्यांचा एक तुकडा दिलाय. फायरवॉलच्या बाहेरच्या इंटरफेसवर २०३.०.११३.१० आहे. मेल सर्व्हरसाठी २०३.०.११३.२० आणि वेबसाठी २०३.०.११३.२१ हे पत्ते नॅटमध्ये वापरलेत. हे दोन पत्ते कोणत्याही इंटरफेसवर बसवलेले नाहीत. वरचा राउटर जेव्हा विचारतो की २०३.०.११३.२० कोणाकडे आहे, तेव्हा फायरवॉल त्या पत्त्याच्या वतीने उत्तर देते. याला प्रॉक्सी एआरपी म्हणतात. फेलओव्हर झाल्यावर मात्र दवंडी पिटली जाते ती इंटरफेसच्या पत्त्याची. नॅटमधल्या पत्त्यांची पिटली जाईलच असं नाही. सिस्कोने तर एएसए फायरवॉलच्या बाबतीत हे उघडच लिहून ठेवलंय, की मॅक पत्ता बदलला तरी स्टॅटिक नॅटच्या पत्त्यांसाठी ग्रॅच्युइटस एआरपी पाठवलं जात नाही. राउटरकडे .१० चा मॅक नवा झाला, .२० आणि .२१ चा जुनाच राहिला.

एएसएमध्ये मॅक मुळात बदलतोच कशाला, असं कोणी विचारेल. तिथे एरवी ॲक्टिव्ह झालेलं युनिट प्रायमरीचाच मॅक वापरतं, त्यामुळे शेजाऱ्यांना काही जाणवत नाही. पण वीज जाऊन आली आणि सेकंडरी आधी उठली, तर तिला प्रायमरीचा मॅक माहीतच नसतो. ती स्वतःच्या मॅकवर काम सुरू करते. मग प्रायमरी उठते आणि ॲक्टिव्ह असलेली सेकंडरी कामाच्या मध्येच मॅक बदलून प्रायमरीचा घेते. प्रायमरीचं हार्डवेअर बदललं तरी हाच घोळ. दोन्हींना आभासी मॅक हाताने नेमून दिला की प्रश्न मिटतो. ही एक ओळ कॉन्फिगरेशनमध्ये पहिल्या दिवशीच घालायला हवी असं माझं ठाम मत आहे.

पण तुमची शंका बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं? वरचा राउटर तुमच्या ताब्यात असेल तर त्याचं एआरपी टेबल बघा: .१० समोर कोणता मॅक आहे आणि .२० समोर कोणता. दोन वेगळे दिसले की खटला निकाली. आधी बघा आणि मगच ती नोंद पुसा. घाईघाईने टेबल पुसलं की ट्रॅफिक सुरू होतं आणि सगळे खूश होतात, पण पुरावाही गेला. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

राउटर कंपनीचा असेल आणि फोनवरची व्यक्ती 'आमच्याकडून सगळं ठीक आहे' एवढंच म्हणत असेल, तर पुरावा तुमच्याच बाजूने गोळा करता येतो. पूर्वीची ॲक्टिव्ह फायरवॉल जिवंत असेल तर तिच्या बाहेरच्या इंटरफेसवर टीसीपीडम्प हे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन लावा. मॅक पत्ते दिसण्यासाठी त्याला 'ई' हा पर्याय द्यायला विसरू नका. स्टँडबाय झालेल्या फायरवॉलवर .२० साठीची पॅकेटं अजूनही येताना दिसली, तर राउटरच्या टेबलमध्ये जुना मॅक आहे हे त्या कॅप्चरमध्येच लिहिलेलं असतं.

जुनी फायरवॉल पार मेलेली असेल तरी मार्ग आहे. तिचा पोर्ट बंद झाल्याने स्विचच्या टेबलमधून तिचा मॅक गेलेला असतो. ठिकाणा माहीत नसलेल्या मॅकसाठी आलेली फ्रेम स्विच सगळ्या पोर्टवर फेकतो. म्हणजे ती नव्या फायरवॉलच्या दारापर्यंत येतेच, फक्त मॅक आपला नाही म्हणून नेटवर्क कार्ड ती टाकून देतं. टीसीपीडम्प कार्डला सगळं काही उचलायला लावतो, त्यामुळे तिथे असं दृश्य दिसतं: आयपी बरोबर, २०३.०.११३.२०, पण त्या फ्रेमवरचा मॅक मेलेल्या फायरवॉलचा. हा एक स्क्रीनशॉट पाठवला की फोनवरचा वाद संपतो.

तात्पुरता उपायही आपल्याच हातात आहे. आर्पिंग नावाच्या साधनाने नॅटमधल्या प्रत्येक पत्त्याची दवंडी हाताने पिटता येते. काही राउटर अशा न मागितलेल्या एआरपीकडे दुर्लक्ष करतात. मग राउटरला त्याच्याच पत्त्याबद्दल साधी विचारणा पाठवायची, मात्र विचारणारा म्हणून .२० हा पत्ता घालायचा. विचारणाऱ्याची नोंद आधीपासून टेबलमध्ये असेल तर ती नव्या मॅकने बदलायची, असं आरएफसी ८२६ मध्येच सांगितलंय. त्यामुळे न मागता दिलेली माहिती जिथे नाकारली जाते, तिथे ही साधी विचारणा बहुतेक वेळा लागू पडते. नुसतं नव्या फायरवॉलवरून पिंग मारून राउटरची नोंद बदलेल, या भरवशावर मात्र राहू नका. नोंद एआरपीने बदलते, आलेल्या आयपी पॅकेटने नाही.

कायमचा उपाय मात्र वेगळा आहे आणि तो कमी लोक करतात. कंपनीला सांगा की पत्त्यांचा तुकडा थेट त्या तारेवर ठेवू नका, तो आमच्या फायरवॉलच्या सामायिक आयपीकडे राउट करा. मग राउटरला एआरपी लागतो फक्त एका पत्त्यासाठी. नॅटमध्ये दोन पत्ते असोत की दोनशे, दवंडी एकाचीच पुरते.

दोघीही मास्टर

याच्या उलट टोकाचा बिघाड म्हणजे दोन्ही फायरवॉल स्वतःला ॲक्टिव्ह समजतात. मग दोघी एकाच पत्त्यावर हक्क सांगतात आणि ट्रॅफिक कधी इकडे, कधी तिकडे. लक्षण ओळखणं सोपं आहे. स्विचच्या लॉगमध्ये एकच मॅक दोन पोर्टांमध्ये सतत उड्या मारताना दिसतो. आभासी मॅक नसेल तर शेजाऱ्याच्या एआरपी टेबलमध्ये एकाच आयपीसमोरचा मॅक दर काही सेकंदांनी बदलतो.

दोघी मास्टर होतात कारण त्यांना एकमेकींचा आवाज ऐकू येत नाही. तेव्हा दोन्हीकडे टीसीपीडम्प लावा आणि प्रोटोकॉल क्रमांक ११२ ची पॅकेटं बघा. हे टीसीपी किंवा यूडीपी नाही, आयपीवरचा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे. त्यामुळे टीसीपी-यूडीपीचे पोर्ट उघडून बसलेल्या माणसाने हा अडवून ठेवलेला असू शकतो, आणि अडवणारी बऱ्याचदा ती फायरवॉल स्वतःच असते. पॅकेटं एका बाजूने निघतात पण दुसरीकडे पोचत नाहीत, तर मधला स्विच बघा: दोन स्विचांना जोडणाऱ्या तारेवर, म्हणजे ट्रंकवर, फायरवॉलचा व्हीलॅन (स्विचमध्ये आखलेलं वेगळं नेटवर्क) सोडलाय का, मल्टिकास्ट गाळणारं काही चालू आहे का. २२४.०.०.० पासूनच्या या खास पट्ट्यातलं मल्टिकास्ट सगळ्या पोर्टवर जाऊ द्यावं अशी शिफारस आरएफसी ४५४१ मध्ये आहे. सगळे स्विच शहाण्यासारखे वागतात असं मात्र नाही.

पॅकेटं पोचतात आणि तरीही दोघी मास्टर, तर मजकुरात मतभेद आहे: ग्रुप क्रमांक वेगळा, पासवर्ड वेगळा. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधून २००४ मध्ये आलेल्या, व्हीआरआरपीसारखंच काम करणाऱ्या कार्प या प्रोटोकॉलमध्ये एक छुपा सापळा आहे. तिथे संदेशावरची सही काढताना ग्रुपमधल्या सगळ्या आभासी पत्त्यांची यादीही त्यात मिसळली जाते. एका फायरवॉलवर एक जादा पत्ता घातला आणि दुसरीवर घालायचा राहिला, की सह्या जुळत नाहीत आणि दोघी एकमेकींचे संदेश खोटे समजून टाकून देतात. पासवर्ड शंभरदा तपासून काही हाती लागत नाही, कारण पासवर्ड बरोबरच असतो. कार्प आणि व्हीआरआरपी हे दोन्ही प्रोटोकॉल क्रमांक ११२ आणि त्याच साच्याचे मॅक पत्ते वापरतात, हीदेखील लक्षात ठेवायची गोष्ट. राउटरवर व्हीआरआरपीचा ग्रुप १ आणि त्याच व्हीलॅनमध्ये फायरवॉलवर कार्पचा ग्रुप १ असेल, तर आभासी मॅक हुबेहूब सारखे निघतात. फोर्टिगेट फायरवॉलच्या दोन वेगळ्या क्लस्टरमध्ये (जोड्यांमध्ये) ग्रुप आयडी मूळचाच, म्हणजे शून्य, राहू दिला आणि दोन्ही एका ब्रॉडकास्ट डोमेनमध्ये, म्हणजे एकमेकांच्या दवंड्या ऐकू येतील अशा नेटवर्कमध्ये आले, तर तिथेही हाच गोंधळ होतो.

अर्धवट फेलओव्हर हाही याच कुटुंबातला. बाहेरचा इंटरफेस दुसऱ्या फायरवॉलवर गेला, आतला पहिल्याच फायरवॉलवर राहिला. ट्रॅफिक एकीकडून जातं आणि उत्तर दुसरीकडे येऊन मरतं. इंटरफेस एकत्र हलवायला सांगावं लागतं. कीपअलाइव्हडीमध्ये त्यासाठी सिंक ग्रुप असतो, कार्पमध्ये एक इंटरफेस पडला की सगळ्यांची लायकी एकदम कमी करण्याची सोय असते.

परतीचा प्रवास

जाताना सगळं नीट झालं, परत येताना बोंबललं, हे फार वेळा घडतं आणि त्यामागची साखळी समजून घेण्यासारखी आहे. दुरुस्त झालेली मूळ फायरवॉल चालू होते. तिची लिंक वर येते, पण स्विचचा पोर्ट अजून स्पॅनिंग ट्रीच्या तीस सेकंदांत अडकलेला असतो. फायरवॉलला सध्याच्या मास्टरचे संदेश ऐकू येत नाहीत, म्हणून ३.६ सेकंदांत ती ठरवते की कोणी नाही, मीच मास्टर. ती दवंडी पिटते. ती दवंडी बंद पोर्टवर आपटून तिथेच संपते. तीस सेकंदांनी पोर्ट उघडतो, दुसरीला जास्त प्रायॉरिटीचे संदेश ऐकू येतात आणि ती निमूटपणे बाजूला होते. मूळ फायरवॉल तर आधीपासूनच मास्टर आहे. तिच्या दृष्टीने अवस्था बदललेलीच नाही, त्यामुळे दवंडी पुन्हा पिटण्याचं कारण नाही. आभासी मॅक असेल तर तिचे दर सेकंदाचे संदेश स्विचला पोर्ट शिकवतात आणि गाडी रुळावर येते. नसेल तर शेजाऱ्यांच्या टेबलमध्ये बाजूला झालेल्या फायरवॉलचाच मॅक राहतो.

उपाय तिहेरी आहे: एज पोर्ट, परत मास्टर होण्याआधी मिनिट-दोन मिनिटांची सक्तीची वाट, आणि ठरावीक काळाने दवंडी पुन्हा पिटण्याची सेटिंग उपलब्ध असेल तर ती. मी तर आपोआप परत येणं बंदच ठेवावं असं म्हणेन. दोन्ही फायरवॉल सारख्या ताकदीच्या असतील तर 'मूळची' ॲक्टिव्ह असण्यात फायदा काय? परत न्यायचीच असेल तर रात्री, माणूस समोर बसलेला असताना न्या.

पत्ता हलला, दोन्ही टेबलं बरोबर, तरी लोकांचे चालू सेशन तुटले, तर हा वेगळा विषय आहे: जोडण्यांच्या नोंदींचं सिंक. फायरवॉल प्रत्येक चालू जोडणी लक्षात ठेवते. नव्या फायरवॉलकडे ती नोंद नसेल तर मधूनच आलेलं टीसीपी पॅकेट तिला अनोळखी वाटतं आणि ती ते टाकते. ओळखायची खूण अशी: नवीन पिंग चालतं, वेबसाइट रिफ्रेश केली की उघडते, पण आधीपासून उघडलेली एसएसएचची (दूरच्या सर्व्हरवर काम करायची) विंडो गोठलेली. इथे एआरपीच्या मागे लागू नका.

आभासी मशीन आणि क्लाउड

फायरवॉल आभासी मशीनमध्ये असेल तर मध्ये आणखी एक स्विच येतो, आभासी मशीन चालवणाऱ्या हायपरवायझरचा. व्हीएमवेअरचा आभासी स्विच मशीनला नेमून दिलेल्या मॅकखेरीज दुसऱ्या मॅकने निघालेल्या फ्रेम अडवू शकतो. फोर्ज्ड ट्रान्समिट्स आणि मॅक ॲड्रेस चेंजेस या सेटिंग्ज 'रिजेक्ट'वर असल्या तर आभासी मॅकची पद्धत चालणारच नाही. कार्पला प्रॉमिस्क्युअस मोडही (दुसऱ्या मॅकच्या फ्रेमही मशीनपर्यंत येऊ देणारा) लागतो. सगळं प्रत्यक्ष हार्डवेअरवर उत्तम चालत होतं, व्हीएमवर नेल्यावर बिघडलं, असं कोणी सांगितलं की आधी या तीन सेटिंग्ज बघायच्या. प्रत्यक्ष स्विचवरच्या पोर्ट सिक्युरिटी आणि डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन या सुरक्षेच्या सोयीही हाच प्रताप करू शकतात. त्यांच्या नजरेत अचानक दुसऱ्या पोर्टवर उगवलेला मॅक म्हणजे हल्लाच.

क्लाउडमध्ये तर हा सगळा खेळच बदलतो. ॲमेझॉनच्या व्हीपीसीमध्ये, म्हणजे क्लाउडमधल्या तुमच्या खाजगी नेटवर्कमध्ये, तुम्ही पिटलेल्या दवंडीला काही अर्थ नसतो. तिथे कोणता पत्ता कोणत्या मशीनचा हे क्लाउडची स्वतःची नोंद ठरवते. फेलओव्हर म्हणजे एपीआयला (क्लाउडला आज्ञा देण्याच्या खिडकीला) केलेली विनंती: हा आयपी त्या इंटरफेसवरून या इंटरफेसवर हलवा, किंवा राउट टेबलमधली ही नोंद बदला. मग बिघाडही तिथलेच. नव्या ॲक्टिव्ह फायरवॉलला तशी विनंती करण्याची परवानगीच दिलेली नाही, किंवा एपीआयपर्यंत पोचायचा तिचा रस्ता त्याच हरवलेल्या आयपीवरून जातो. तिथे टीसीपीडम्प लावून बसण्यापेक्षा ऑडिट लॉग उघडा.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत एआरपी नाही, तिथे हेच काम नेबर ॲडव्हर्टाइझमेंट करते. चौथ्या आवृत्तीचा फेलओव्हर तपासून 'झालं' म्हणणाऱ्यांनी सहावीचा वेगळा तपासावा. आयसीएमपी सरसकट अडवणारा एखादा जुना नियम दवंडीच गिळून बसलेला असू शकतो.

चाचणी करताना 'फेलओव्हर करा' हे बटण दाबून समाधान मानू नका. बटण दाबल्यावर व्हीआरआरपीचा मास्टर प्रायॉरिटी शून्य असलेला निरोपाचा संदेश पाठवतो आणि बॅकअप सेकंदभराच्या आत उठतो. वीज गेल्यावर असा निरोप कोणी देत नाही. म्हणून एकदा पॉवर काढा, एकदा फक्त केबल काढा, आणि एकदा स्विचच्या पलीकडची केबल काढा, म्हणजे फायरवॉलची लिंक चालू राहील पण रस्ता तुटेल. तिसऱ्या प्रकारात कित्येक जोड्या ढिम्म हलत नाहीत, कारण त्यांच्या लेखी काहीच बिघडलेलं नसतं. त्यासाठी पुढचा एखादा पत्ता सतत तपासत राहायला सांगावं लागतं. चाचणीआधी वरच्या राउटरच्या एआरपी टेबलची आणि स्विचच्या मॅक टेबलची प्रत काढून ठेवा. पिंगच्या खिडक्या उघडताना एक इंटरफेसच्या आयपीवर, एक नॅटमधल्या पत्त्यावर बाहेरून, एक आतून बाहेर अशा उघडा, आणि सोबत एक लांबलचक फाइल डाउनलोड सुरू करून द्या. कोणती खिडकी किती सेकंदांनी परत आली ते प्रत्येकीसमोर लिहून ठेवा.